फडाची रात्र : नारायणगावच्या तमाशात काय ऐकावे आणि कोणत्या क्रमाने

पुणे-नाशिक महामार्गावर, मीना नदीच्या काठी वसलेले जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे द्राक्षांसाठी आणि टोमॅटोच्या बाजारासाठी जितके प्रसिद्ध आहे, तितकेच ते महाराष्ट्रभर ‘तमाशापंढरी’ या नावाने ओळखले जाते. दरवर्षी फाल्गुन-चैत्राच्या सुमारास येथे राज्यातील तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर अशा आसपासच्या तालुक्यांतील यात्रा कमिट्या आपल्या गावच्या यात्रेची रात्र ठरवण्यासाठी तेथे येतात. फड म्हणजे तमाशाचा संच, त्याचे कलावंत, वाद्ये, पडदे, गाड्या आणि मालकी यांसह एकत्र फिरणारी संस्था. आणि राहुटी म्हणजे त्या संस्थेचे हंगामापुरते कापडी कार्यालय. या कार्यालयांत जे ठरते त्यावर शेकडो कलावंतांचे वर्ष अवलंबून असते, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील फार मोठ्या श्रोतृवर्गाला वर्षातून एकदा जे समोरासमोरचे संगीत ऐकायला मिळते तेही येथेच निश्चित होते.

या संगीताविषयी मराठीत लिहिले गेले आहे ते बहुतेक लावणीच्या अंगाने. लावणी हा तमाशाचा सर्वांत झळाळता भाग असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण फडाची रात्र ही केवळ लावण्यांची माळ नसते. सलामीपासून भैरवीपर्यंत तिला एक ठरलेली चाल आहे, प्रत्येक गाण्याला त्या चालीत नेमून दिलेले काम आहे, आणि ते काम ध्यानात घेतल्याशिवाय एखादे गाणे सुटे ऐकले तर त्याचा निम्मा अर्थ हरवतो. नारायणगावच्या परंपरेत नेमके काय ऐकावे, असा प्रश्न एखाद्या नव्या श्रोत्याला पडला, तर त्याचे खरे उत्तर हा क्रमच आहे.

राहुट्यांचे गाव

तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. दसऱ्यापासून फड मोठ्या गावांत आणि बाजारपेठांत तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतात. चैत्रापासून गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की सुपारीचे खेळ होतात. सुपारी म्हणजे गावाने फडाला एका रात्रीसाठी ठरावीक रक्कम देऊन केलेला करार. अशा खेळाला गावकऱ्यांना तिकीट नसते, कारण खर्च वर्गणीतून झालेला असतो. करार पक्का होताना जी आगाऊ रक्कम दिली जाते तिला इसार म्हणतात. मोठ्या फडाच्या एका रात्रीची रक्कम आता लाखांच्या घरात गेली आहे.

राहुटीतला व्यवहार जवळून पाहण्यासारखा असतो. बाहेर रंगवलेला मोठा फलक, त्यावर फडाच्या मालकाचे किंवा मालकिणीचे नाव, त्याखाली ‘सह लोकनाट्य तमाशा मंडळ’ अशी ओळ, बाजूला प्रमुख कलावंतांची छायाचित्रे आणि नव्या वगाचे, म्हणजे कथानाट्याचे, नाव. आत सतरंजीवर बसलेला व्यवस्थापक, त्याच्यापुढे तारखांची वही आणि पंचांग किंवा दिनदर्शिका. कमिटीची माणसे आली की आधी तिथी विचारली जाते, कारण भाव तिथीवर ठरतो. चैत्री पौर्णिमेसारख्या दिवशी अनेक गावांच्या यात्रा एकाच वेळी असतात, म्हणून त्या रात्रीची मागणी फार आणि रक्कमही चढी. एखादी मोकळी तिथी असेल तर तोच फड कमी रकमेत मिळतो. यानंतर कलावंत किती, नर्तकी किती, नवा वग कोणता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, म्हणजे मानकऱ्यांसमोरचा दिवसाचा खेळ, होणार का, याची विचारपूस होते. गावची जाणती माणसे मात्र याहून वेगळा एक प्रश्न विचारतात, तो म्हणजे ढोलकीवर कोण आहे. फडाच्या गाण्याची पारख तेथूनच सुरू होते.

हा बाजार नारायणगावलाच का भरला याची कारणे भूगोलात आणि पाण्यात आहेत. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तिन्ही बाजूंच्या वाटा येथून जवळ आहेत, आणि संगमनेर, शिरूर या तमाशाच्या जुन्या मुलखांच्या हे गाव मध्यावर येते. कुकडी प्रकल्पातील येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांमुळे जुन्नर-आंबेगावचा मोठा भाग बागायती झाला, नगदी पिकांचा पैसा गावांत खेळू लागला आणि यात्रेला चांगला फड आणणे ही गावाच्या प्रतिष्ठेची बाब बनली. दिवसा घाटात बैलगाडा शर्यत आणि रात्री तमाशा हा या दोन तालुक्यांतील यात्रेचा ठरलेला शिरस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने शर्यती बंद झाल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत अनेक यात्रांचा दिवस सुना गेला, तरी रात्रीचा फड गावांनी सोडला नाही.

एका घराण्याचे गाणे

नारायणगावचे नाव ज्या घराण्यामुळे सर्वदूर गेले ते खुडे घराणे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे नारायण खुडे यांनी फड उभा केला आणि त्यांचे पुत्र भाऊ व बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने नावारूपाला आणला. भाऊंची कन्या विठाबाई यांचा जन्म जुलै 1935 मध्ये पंढरपूरला, फड मुक्कामाला असताना झाला; त्या बालवयातच बोर्डावर उभ्या राहिल्या आणि पुढे ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावाने स्वतःच्या फडाच्या मालकीण झाल्या. या नावात गाव, वडील आणि जात तिन्ही उघडपणे उच्चारलेली आहेत. ज्या समाजाने या कलावंतांना गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजाच्या यात्रेत फलकावर हे नाव ठळक अक्षरांत लागत होते आणि त्याच नावावर तंबू भरत होता, ही गोष्ट तमाशाच्या सामाजिक इतिहासात मोलाची आहे.

विठाबाईंच्या गाण्याचे बळ तीन गोष्टींत होते. पहिली, त्यांचा खडा आवाज, जो उघड्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न मोडता पोचत असे. दुसरी, गाणे आणि नाच एकाच दमात पेलण्याची ताकद. आणि तिसरी, वगातील भूमिकेत शिरण्याची क्षमता, जिच्यामुळे त्यांची लावणी नाट्यातून उगवल्यासारखी वाटे. दिवस भरत आलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर पडद्यामागे गेल्या, बाळाला जन्म देऊन दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती सांगताना बहुधा त्यांच्या धैर्याचे कौतुक केले जाते. परंतु ज्या व्यवस्थेत नवव्या महिन्यातही कलावंत स्त्रीला रात्र चुकवणे परवडत नव्हते, त्या व्यवस्थेचेही ते वर्णन आहे. 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, तरी अखेरची वर्षे हलाखीतच गेली आणि 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने राज्य शासन ज्येष्ठ तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. कांताबाई सातारकर, गंगाराम कवठेकर, आंबेगाव तालुक्यातील अवसरीचे नाव वागवणारे वसंत अवसरीकर आणि विठाबाईंच्याच कन्या मंगला बनसोडे हे त्याच्या मानकऱ्यांपैकी आहेत. मंगलाताईंनी करवडीकर या नावाने स्वतःचा फड चालवला आणि त्यांचे पुत्र नितीनकुमार त्याच बोर्डावर उभे राहिले, म्हणजे नारायण खुड्यांपासून मोजले तर ही पाचवी पिढी होते.

दीर्घायुष्याची दोन रूपे

एखादा गाणाऱ्यांचा संच दशकानुदशके टिकतो तो कशाच्या बळावर, हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. जपानमध्ये 1980 च्या दशकात रॉक संगीताचा ‘व्हिज्युअल केई’ नावाचा एक प्रवाह उदयाला आला, ज्यात रंगभूषा, केशरचना आणि भरजरी वेश हे गाण्याइतकेच महत्त्वाचे मानले जातात. गुन्मा प्रांतातून आलेला ‘बक-टिक’ हा त्या प्रवाहाच्या आरंभकाळातील वाद्यवृंद. 1987 साली मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीकडून त्याचे पदार्पण झाले आणि गायक आत्सुशी साकुराई यांचे ऑक्टोबर 2023 मध्ये निधन होईपर्यंत तेच पाच जण एकत्र राहिले. उरलेल्या चौघांनी काम थांबवले नाही आणि 2024 च्या डिसेंबरात नवा अल्बम काढला. अशा वाद्यवृंदाच्या चाहत्यांत एक प्रथा असते: नव्या श्रोत्याला इतक्या अल्बमांच्या पसाऱ्यात वाट सापडावी म्हणून निवडक गाण्यांची यादी करून द्यायची.

हा दाखला येथे उपयोगी पडतो तो साम्यापेक्षा भेदामुळे. जपानी वाद्यवृंदाचे आयुष्य त्याच पाच माणसांच्या सोबतीत आणि ध्वनिमुद्रित गाण्यांच्या संग्रहात साठलेले असते, म्हणून तेथे यादी करता येते. फडातील माणसे मात्र दर हंगामाला बदलतात. दसऱ्याच्या आधी मालक कलावंतांना उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, देऊन बांधून घेतो आणि पुढच्या वर्षी तीच नर्तकी किंवा तोच सोंगाड्या दुसऱ्या फडात दिसतो. गाणीही बदलतात, कारण चालू वर्षातील लोकप्रिय चाली फडात आल्याच पाहिजेत. मग पाच पिढ्या टिकून राहते ते काय? टिकून राहते ती रात्रीची रचना. कोणत्या गाण्याने उघडायचे, कोणत्या घटकेला हसवायचे, केव्हा लावणीने मैदान पेटवायचे आणि केव्हा कथेत नेऊन बसवायचे, हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते. फडाची निवडक गाण्यांची यादी कागदावर नसते, रात्रीच्या या क्रमातच ती बांधलेली असते.

सलामी आणि गण

खेळ सुरू होण्याच्या कितीतरी आधी पडद्यामागे हलगी शेकली जाते. हलगी म्हणजे गोल कड्यावर ताणलेल्या कातड्याचे, दोन काड्यांनी वाजवायचे वाद्य. रात्रीच्या गारव्याने कातडे सैल पडते, म्हणून वादक पाचट किंवा कागदाचा जाळ करून त्यावर ती फिरवतो, मधूनच टिपरी मारून पाहतो, बद्द आवाज निघाला की पुन्हा जाळावर धरतो, आणि कातडे कडकडीत वाजू लागले की उठतो. ढोलकीवाला तोवर आपल्या वाद्याची दोन्ही तोंडे जुळवत असतो. लहान, शाई भरलेले तोंड गाणाऱ्याच्या पट्टीत चढवायचे असते आणि मोठ्या तोंडाचा धुम खर्जात बसवायचा असतो. तमाशात ढोलकी कमरेला बांधून उभ्याने वाजवली जाते, कारण वादकाला नर्तकीच्या पायाबरोबर पुढे-मागे सरकावे लागते.

पहिली ऐकण्याची गोष्ट म्हणजे सलामी. ढोलकी, हलगी आणि तिच्याच जातीचे कडे यांची ही जुगलबंदी असते, तिच्यात गायन नसते, आणि तिचा हेतू दुहेरी असतो: गावभर विखुरलेल्या माणसांना खेळ सुरू झाल्याची वर्दी द्यायची आणि आपल्या वादकांचा वकूब दाखवायचा. जाणता श्रोता येथे लय किती वाढली याकडे पाहत नाही, तर वाढवलेली लय कशी उतरवली याकडे पाहतो. भरधाव दुगुणीतून सगळी वाद्ये एकाच मात्रेवर येऊन थांबली की मैदानातून जी दाद उठते, ती त्या रात्रीची पहिली कमाई होय.

त्यानंतर गण. हे गणपतीचे आवाहन असते. शाहीर किंवा सरदार मुख्य ओळ म्हणतो आणि मागे उभे असलेले सुरत्ये तिचा शेवट उचलून उंच स्वरात लांबवतात, याला झील धरणे म्हणतात. तुणतुण्याच्या एका तारेचा अखंड नाद आणि झांजेचा ठेका एवढीच त्याची जुनी साथ. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने जुन्नर तालुक्यातच असल्यामुळे येथील मैदानात गणाला केवळ उपचाराचे स्थान नसते. सुरत्यांनी झील धरली की पुढच्या रांगांतील वडीलधाऱ्यांचे हात आपसूक जुळतात. झील ऐकताना लक्ष द्यावे ते सुरत्यांच्या श्वासाकडे. शाहिराचा शेवटचा शब्द जमिनीवर पडू न देता तो वरच्या वर झेलणे आणि त्याच पट्टीत पुढे नेणे ही सामूहिक गायनाची अवघड तालीम आहे, आणि ध्वनिक्षेपकाच्या काळातही तिला पर्याय सापडलेला नाही.

गवळण

गणाच्या मागोमाग गवळण येते. राधा आणि तिच्या सख्या दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या त्यांची वाट अडवतात, आणि पुरुष नटाने रंगवलेली मावशी गवळणींच्या बाजूने भांडायला उभी राहते. या प्रसंगाच्या गद्य भागात विनोद असतो आणि पद्य भागात भक्ती. जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यांना गवळण हा प्रकार आणखी एका वाटेने ओळखीचा असतो, ती म्हणजे वारकरी भजनाची वाट. ओतूरला तुकोबांचे गुरू मानल्या गेलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, आळे येथे ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी मानली जाते, आणि गावोगावच्या सप्ताहात एकनाथांच्या गवळणी गायल्या जातात. जे कान सप्ताहात टाळाच्या साथीने गवळण ऐकतात, तेच यात्रेच्या रात्री ढोलकीच्या साथीने ती ऐकतात, आणि म्हणूनच तमाशाची गवळण मोकळी, खट्याळ असूनही तिला एक मर्यादा पाळावी लागते.

संगीताच्या दृष्टीने गवळणीत ऐकण्यासारखी असते ती संथ लय. केरव्याच्या आठ मात्रांचा किंवा दादऱ्याच्या सहा मात्रांचा सैल ठेका, नर्तकींची एका ओळीतील चाल आणि पायातील चाळांचा मोजका आवाज यांमुळे मैदान स्थिर होते. रात्रीच्या पुढच्या भागात जो वेग यायचा असतो त्याची ही पूर्वतयारी आहे. गवळण गाळली की लावणीचा वेग अंगावर आल्यासारखा होतो, तो चढत गेल्याचा अनुभव येत नाही.

रंगबाजी आणि लावणी

गवळणीनंतर बतावणी होते. सोंगाड्या आणि सरदार यांच्यातील हा चढाओढीचा गद्य संवाद असून त्यात गावचा पुढारी, पाटपाणी, कांद्याचा भाव आणि चालू निवडणूक अशा कोणत्याही विषयाचा समाचार घेतला जातो. तिच्या पाठोपाठ रंगबाजी, म्हणजे लावण्यांची आणि आता चित्रपटगीतांचीही रांग. प्रेक्षकांकडून फर्माइशी येतात, आवडलेल्या गाण्यावर पैसे दिले जातात आणि देणाऱ्याचे नाव बोर्डावरून पुकारले जाते. या रिवाजाला दौलतजादा म्हणतात.

लावणीचे प्रकार येथे वेगळे ओळखता आले पाहिजेत. फडाची लावणी उभ्याने, ढोलकीवर, मोठ्या जमावासमोर सादर होते. बैठकीची लावणी संगीतबारीच्या थिएटरात, निवडक श्रोत्यांसमोर, अदाकारीसह गायली जाते, आणि चौफुला, मोडनिंब, जामखेड ही तिची परिचित केंद्रे आहेत. नारायणगाव हे ढोलकीफडाचे गाव आहे, हे विसरून येथील लावणीला बैठकीच्या मापाने जोखले तर तिच्यावर अन्याय होतो. फडाच्या लावणीत नजाकत असते, पण ती दूरवरून दिसेल इतक्या मोठ्या रेषेत काढलेली असते. विरहाची, लांब आळवलेली बालेघाटी, चटपटीत आणि छोटी छक्कड, कोडे घालून प्रतिपक्षाला अडवणारी सवाल-जवाबाची लावणी, असे तिचे अनेक घाट आहेत. शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी (1866-1945), यांनी विशेषतः छक्कड लोकप्रिय केली आणि संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाईंनी ती बोर्डावर जिवंत केली. कुलकर्णीपणाचे वतन आणि जातीचा मान सोडून बापूराव फडात आले आणि पवळाबाईंच्या साथीने उभे राहिले, हे त्या काळातील असामान्य धाडस होते. ज्याच्या काव्यात शृंगार आणि उपदेश दोन्ही होते तो अनंत फंदीही संगमनेरचाच; म्हणजे जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेला हा मुलूख पेशवाईपासून शाहिरीचा आहे.

सवाल-जवाबाच्या मुळाशी कलगी-तुऱ्याची परंपरा आहे. तुरेवाले शिवतत्त्वाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला, आणि दोन्ही पक्ष भेदिक, म्हणजे गूढार्थाच्या, रचनांतून एकमेकांना प्रश्न घालतात. आजच्या रंगबाजीत या प्रकाराला फार थोडी जागा उरली असली, तरी एखाद्या गावच्या वडीलधाऱ्यांनी फर्माइश केली आणि फडात जुना शाहीर असला तर तो उभा राहतो. आणि ज्यांना नारायणगावच्या परंपरेतील सर्वांत श्रवणीय गोष्ट हवी असेल, त्यांनी याच फर्माइशीचा आग्रह धरावा. चाल साधी असते, पण शब्द ऐकण्यासाठी मैदान जितके शांत होते तितके ते अन्य कोणत्याही गाण्याला होत नाही.

रंगबाजीत चित्रपटगीते आल्याबद्दल जाणकारांत खंत व्यक्त होते. या देवघेवीची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’पासून 1972 च्या ‘पिंजरा’पर्यंत आणि पुढे 2010 च्या ‘नटरंग’पर्यंत मराठी चित्रपटाने फडाचे ठेके, फडाचा वेश आणि फडाची माणसे उचलली, फडाने ती गाणी परत आपल्या ढोलकीवर घेतली आणि हार्मोनियम, क्लॅरिओनेट, कीबोर्ड, ऑक्टोपॅड ही वाद्येही सामावून घेतली. तमाशा नेहमीच नवे पचवत आला आहे. प्रश्न निर्माण होतो तो नव्या गाण्यांमुळे जुन्या क्रमातील भाग बाहेर फेकले जातात तेव्हा.

वग

जुन्या क्रमात मध्यरात्रीनंतर वग सुरू होत असे. वग म्हणजे तमाशातील कथानाट्य. उमाजी सावळजकरांचा 1865 च्या सुमाराचा ‘मोहना बटाव’ हा आरंभीचा वग मानला जातो, पठ्ठे बापूरावांचा ‘मिठाराणी’ आणि दादू इंदुरीकरांनी गाजवलेला ‘गाढवाचं लग्न’ ही त्याची नंतरची नामांकित रूपे. जुन्या रीतीत वगाची संहिता लिहिलेली नसे. कथेचा सांगाडा ठरलेला असे आणि संवाद कलावंत जागच्या जागी उभे करीत. या नाट्यात पात्रांची पदे आणि कटाव येतात. कटाव म्हणजे यमकांची साखळी जोडत झपाझप म्हटलेले लयबद्ध पद्य, ज्यात शब्द आणि ढोलकी यांची शर्यत लागते. वगातील पदाची चाल ऐकायला सोपी असते, परंतु ते गाणाऱ्याने आधीचा तासभर त्या पात्रात काढलेला असतो, आणि म्हणूनच विठाबाईंसारख्या कलावंतिणीच्या वगातील पदाने माणसे रडत असत. हे पद ध्वनिफितीवर सुटे ऐकवले तर त्यातला हुंदका ऐकू येतो, पण त्याचे कारण कळत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या विचारविनिमयानंतर काही अटींवर तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा या कलेच्या बाजूने सर्वांत मोठा आधार वगानेच दिला होता. समाजाला चार गोष्टी सांगणारे नाट्य अशी त्याची ओळख होती. अण्णाभाऊ साठे यांनी याच अंगाला राजकीय धार देऊन ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ केले, आणि ते नाव आजही प्रत्येक फडाच्या फलकावर आहे.

क्रमावरचा ताण

ध्वनिप्रदूषणाविषयीचे 2000 सालचे केंद्रीय नियम रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरायला मनाई करतात. राज्य सरकारला वर्षातील मोजक्या दिवशी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. रुग्ण, विद्यार्थी आणि वृद्ध यांच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. पण पालखी, देवाचा मान आणि जेवणावळी उरकून खेळ सुरू व्हायलाच नऊ वाजतात, आणि जो खेळ पूर्वी पहाटेपर्यंत चाले तो एक ते तीन तासांत बसवावा लागतो. अशा वेळी कात्री कोठे लागते हे पाहण्यासारखे आहे. प्रेक्षकांना आणि कमिटीला रंगबाजी हवी असते, म्हणून ती राहते. गण एका कडव्यावर येतो, गवळण आणि बतावणी आटोपती घेतली जाते, आणि वग पुष्कळदा सुरूच होत नाही. नवे सोंगाडे आणि सुरत्ये तयार व्हावेत ते ज्या भागांतून, तेच भाग प्रथम जातात.

त्यात 2020 आणि 2021 या दोन वर्षांच्या यात्रा महासाथीत बुडाल्या. पहिली टाळेबंदी मार्च 2020 मध्ये, राहुट्यांत सुपाऱ्या ठरण्याच्या ऐन दिवसांत लागली. उचल वाटून झालेली होती, ती परत मिळण्याचा मार्ग नव्हता, आणि मालकांच्या डोक्यावर सावकारी व्याज चढत राहिले. कलावंत शेतमजुरीला, बाजारात आणि मिळेल त्या कामाला गेले व त्यांतील काही परतले नाहीत. फड कमी झाले की ढोलकीवाल्याला आणि शाहिराला शिकण्याची जागाच उरत नाही, कारण या विद्येची शाळा फडाबाहेर फार थोड्या ठिकाणी आहे. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी हे त्यांतील एक महत्त्वाचे ठिकाण.

गावांच्या हातातील उपाय

या स्थितीत शासनाने अनुदान द्यावे, पेन्शन वाढवावी, वेळेच्या मर्यादेचा सहानुभूतीने विचार करावा, या मागण्या रास्त आहेत आणि त्या मांडल्या जात राहिल्या पाहिजेत. परंतु जुन्नर-आंबेगावच्या गावांच्या हातात त्याहून जवळचा एक उपाय आहे, आणि तो त्यांच्याच शिरस्त्यात दडलेला आहे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होणारी हजेरी ही दिवसाउजेडी, गावच्या मानकऱ्यांसमोर, थोड्या जमावात होते. त्या वेळी ध्वनिक्षेपकाला मनाई नसते, आणि हलगी-ढोलकीला तर त्याची गरजही नसते. हजेरीत आज बहुधा दोन-चार गाण्यांवर निभावले जाते. सुपारी ठरवतानाच कमिटीने पूर्ण गण, पूर्ण गवळण, एक सवाल-जवाब आणि वगाचा निदान एक प्रवेश हजेरीत व्हावा असे वहीत लिहून घेतले, आणि त्यासाठी रक्कम वाढवून दिली, तर रात्रीला न मावणारा क्रम सकाळी पुरा होऊ शकतो. शाळेची मुले, घरातील स्त्रिया आणि रात्री मैदानात न येणारी वयस्कर मंडळी या सगळ्यांना तो ऐकता येईल. वेळेचा नियमही पाळला जाईल आणि फडातील सुरत्यालाही काम मिळेल.

श्रोत्यांनीही आपली निवड बदलण्याची गरज आहे. लावणी हा फडाचा कळस खरा, पण तिला उंची मिळते ती आधीच्या सलामी-गण-गवळणीच्या पायावर आणि तिचे सार्थक होते ते पुढच्या वगात. ज्याला नारायणगावच्या पाच पिढ्यांचे गाणे ऐकायचे आहे, त्याने मोबाइलवरील लावणीच्या तुकड्यावर थांबू नये. चैत्रात एखाद्या गावच्या मैदानात हलगी शेकली जाते त्या वेळी जाऊन बसावे, सलामी ऐकावी, झील ऐकावी, फर्माइश करायची तर भेदिकाची करावी, आणि वग मागून घ्यावा. फडाला मागणीचा अर्थ चांगला कळतो. गावे जे मागतील ते तो पुढच्या हंगामात बसवून आणतो, आणि हा क्रम मागणारी गावे आहेत तोवर तो शिकवणारी आणि शिकणारी माणसेही राहतील.